शेपटी वर धरून

गचका अगदी लहान बसला. कुणी टाकलेला शहाळ्याचा तुकडा पुढच्या चाकाखाली यावा, तेवढाच. तार्मुजीने ब्रेक दाबला, पाय टेकवला, आणि मागे वळून पाहण्याआधीच त्याला कळलं होतं. सेमारांगच्या बंदरापासून टेकडीवरच्या वस्तीपर्यंत त्याने उभं आयुष्य प्रवाशांची व्हॅन चालवली होती. चाकाखाली काय आलं ते त्याच्या बुडाला आधी कळायचं, डोळ्यांना नंतर. खड्डा वेगळा, वीट वेगळी, पाण्याचा पाइप वेगळा. हा गचका मऊ होता. इतक्या वर्षांत असला गचका त्याच्या वाट्याला आला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता, जरा जास्तच. त्याची बायको मुन्तामा हसायची. "तुम्ही डासालासुद्धा हॉर्न देता," म्हणायची. आणि आज तिच्याच दुचाकीवर, तिचंच जाकीट घालून, तिच्याच मृत्यूनंतरच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाचा बाजार करायला निघाला असताना हे झालं होतं.

मांजर उकडलेल्या मासळीच्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला पडलं होतं. भुरं आणि पांढरं. एका कानाचा तुकडा कधीचाच गेलेला. शेपटी आखूड, टोकाला गाठ पडलेली, इकडच्या मांजरांची असते तशी. रक्त कुठेच दिसत नव्हतं. तार्मुजी त्याच्याकडे बघत राहिला. ते मेलं होतं हे त्याला दिसत होतं, पण त्याचं मन तिथे नव्हतंच. ते थोडं मागे, चाक आणि मांजर यांच्यात अजून हातभर अंतर होतं त्या क्षणात अडकलं होतं. रस्त्यावरचं मांजर कसं येतं हे ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. ते आडवं येतं. मध्येच थबकतं, डोकं फिरल्यासारखं उलटं पळतं, आणि ड्रायव्हरने शांत राहायचं असतं. हे आडवं आलं नव्हतं. हे समोरून आलं होतं. सरळ, दुडक्या चालीने, शेपटी वर धरून. त्याने डावीकडे वळवलं तर तेही डावीकडे वळलं. घाबरलेलं जनावर असं करत नाही. लग्नाच्या मांडवात ओळखीचा पाहुणा दिसल्यावर एखादी बाई गर्दीतून वाट काढत यावी, तसं ते आलं होतं. का?

"मेलं?" पार्किंगवाल्या कस्तुबीने तोंडातली शिट्टी काढून विचारलं. आधी त्याने हात आडवा करून मागच्या गाड्या थांबवल्या होत्या.

"मेलं."

"मग म्बाह, उतरा आता. आणि काढा."

रस्त्यावर सगळेच त्याला म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणायचे. इतका म्हातारा तो आता दिसत होता. काय काढायचं हे विचारायची गरज नव्हती. ज्याच्या चाकाखाली मांजर येतं त्याने अंगावरचं कापड उतरवायचं, त्यात मांजर गुंडाळायचं, आणि स्वतःच्या हाताने पुरायचं. नाहीतर ते चाक पुन्हा सरळ चालत नाही. व्हॅनच्या दिवसांत त्याने कितीतरी ड्रायव्हर उघडे होऊन स्टँडवर परत आलेले पाहिले होते. त्यातल्या एकाने तशीच दिवसभर गाडी हाकली होती, पोटाच्या वळ्या स्टिअरिंगला लागत होत्या, आणि प्रवासी गुपचूप पैसे देऊन उतरत होते, कारण उघडा ड्रायव्हर म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा तार्मुजी पोट धरून हसला होता. आता त्याचा हात जाकिटाच्या चेनपाशी गेला आणि तिथेच थांबला.

जाकीट जांभळं होतं. पाठीवर बायकांच्या भिशीचं नाव छापलेलं, त्यातली अर्धी अक्षरं धुण्यात गेलेली. त्याच्या हातांना ते आखूड पडत होतं, मनगटं बाहेर राहत होती. मुन्तामा गेल्यापासून ते दाराच्या मागे खिळ्याला टांगलेलं होतं. मुलगी सगळं धुऊन, घड्या घालून, वाटून बेकासीला परत गेली, पण त्याने ते जाकीट तेवढं धुऊ दिलं नाही. "असू दे, थंडीत लागेल," तो म्हणाला होता. सेमारांगमध्ये कसली आलीये थंडी! मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि जाकीट खिळ्यावरच राहू दिलं. पहाटेची नमाज झाली की तो दाराशी जायचा आणि कॉलरमध्ये नाक घालून उभा राहायचा. आमटीत काय कमी पडलंय ते कळत नाही तेव्हा माणूस पुन्हा पुन्हा चमचा तोंडाला लावतो, तसा तो तो वास पुन्हा पुन्हा घ्यायचा. वरचा वास ओळखीचा होता, कायुपुतीच्या तेलाचा. सर्दी, पोटदुखी, प्रवास, पाहुणे, मुन्तामाकडे सगळ्यावर एकच तेल. पण त्याच्या खाली दुसरा एक वास होता. खारट, जुना, किंचित गोडसर. उजव्या बाजूला जास्त. तो काय आहे हे त्याला सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं एका चटईवर झोपून बायकोच्या अंगाचा हा वास आपण कधी घेतलाच नाही? की माणूस असेपर्यंत तो लक्षात येत नाही, आणि गेल्यावर वरचे वास उडाले की खालून निघतो? ती उजव्या कुशीवर झोपायची म्हणून उजवीकडे जास्त असेल, अशीही त्याने समजूत घालून पाहिली होती. दिवसेंदिवस तेलाचा वास विरत होता, हा दुसरा मात्र टिकून होता. त्याला वाटायचं, हीच खरी मुन्तामा. तेल बाटलीतून आलेलं, पण हे तिचं.

आणि हे आता मातीत घालायचं?

"जाकीट नाही चालणार," तो म्हणाला. "जाकीट म्हणजे वरचं. अंगाला लागलेलं लागतं ना?"

"कोण म्हणतं?" कस्तुबी म्हणाला. "वरचंच लागतं. शेवटी घातलेलं ते आधी काढायचं."

"छे छे," सायकलरिक्षात आडवा पडलेला एक जण उठून बसला. "घाम लागलेलं हवं. माझ्या मेहुण्याने नुसता रुमाल दिला होता. आठ दिवसांत जिन्यावरून पडला."

"तुझा मेहुणा दारू पिऊन पडला."

"पडला ना पण?"

"आत काय आहे, म्बाह?" कस्तुबीने विचारलं.

"बनियन."

"दाखवा." त्याने जाकिटाची कॉलर दोन बोटांनी उचलून आत पाहिलं. "अरे देवा. हे बनियन आहे की मासे धरायचं जाळं? मांजर एका भोकातून आत घालाल, दुसऱ्यातून बाहेर येईल."

लोक हसले. तार्मुजीही थोडा हसला. त्याला बरं वाटलं, कारण हसता हसता ठरून गेलं होतं की बनियन. तो दुकानाच्या मागे गेला. तिथे गटाराच्या काठाला एक बदामाचं झाड होतं, आणि मासळीच्या रिकाम्या टोपल्यांची उतरंड. त्याने जाकीट काढलं, बनियन काढलं, आणि जाकीट परत चढवलं, नुसत्या अंगावर. आतलं अस्तर गार होतं आणि मऊ. त्याने चेन गळ्यापर्यंत ओढली. मुन्तामाने असं पाहिलं असतं तर तिने काय म्हटलं असतं हे त्याला ऐकू आलं. "अहो, आत काही घाला. वारं शिरेल अंगात." वारं अंगात शिरलं की तो पालथा पडायचा आणि ती तेल लावून नाण्याच्या कडेने त्याची पाठ घासायची, लाल पट्टे उठेपर्यंत. तो कण्हत राहायचा आणि ती म्हणायची, "बघा किती निघतंय, सगळी व्हॅन वाऱ्याने भरली असती." आता पाठ घासणारं कुणी नव्हतं, म्हणून गेले तीन महिने तो वाऱ्यापासून जपून राहत होता. गाडीसुद्धा त्यासाठीच बाहेर काढली नव्हती. आज बाजार मोठा होता. कोंबड्या, नारळ, केळीची पानं हे सगळं पायी आणणं जमलं नसतं.

तो रस्त्यावर गेला, बनियन पसरलं, आणि मांजर त्यावर घेतलं. अंगाला अजून ऊब होती. त्याला वाटलं होतं तेवढं वजनही नव्हतं. त्याने आयुष्यात मांजर कधी उचललं नव्हतं. मशिदीत चटईच्या कोपऱ्यावर मांजरं झोपलेली असायची, मौलवीसुद्धा त्यांना वळसा घालून जायचे, पण तार्मुजीला त्यांचं काही वाटलं नव्हतं. चांगलं नाही, वाईटही नाही. घरात मात्र नको. मुन्तामाने लग्नानंतर दोनदा विचारलं होतं, त्याने दोन्ही वेळा नको म्हटलं होतं, आणि तो विषय तिथेच संपला होता. निदान त्याला तसं वाटलं होतं. बनियनमधून डोकं बाहेर राहिलं. तुटका कान आणि अर्धा मिटलेला डोळा. झाकायला त्याने कापड वर ओढलं तर मागचे पाय उघडे पडले.

तो झाडाखाली आला तेव्हा दुकानवाली बू रुमिनी कुदळ घेऊन तिथे उभी होती. मघाच्या हसण्यात ती नव्हती हे त्याच्या आता लक्षात आलं. तिच्या हाताला उकडलेल्या मासळीचा वास होता आणि डोळे लाल होते, चुलीच्या धुरानेही असतील.

"इथे खणा," ती म्हणाली. "मुळं नाहीत इथे."

तार्मुजी खणू लागला. माती ओली होती. समुद्राचं पाणी या भागात कधीही वर येतं.

"ही गाडी कुणाकडून घेतलीत?" तिने मध्येच विचारलं.

"घेतली कुठे? घरचीच आहे."

"घरची कशी? ही मुन्तामाबाईंची आहे. आवाजावरून ओळखली मी. आणि अंगात जाकीटही त्यांचंच." तिचा आवाज चढला. "खरं सांगा हं, म्बाह."

त्याला तिचा संशय कळायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "मी तिचा नवरा."

बू रुमिनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. "म्हणजे ते शिंकणारे तुम्हीच?"

"शिंकणारे?"

"मांजर जवळ आलं की तुम्हाला शिंका येतात ना? डोळे सुजतात. म्हणून तर त्या घरी नेत नव्हत्या हिला. मी किती वेळा म्हटलं, घेऊन जा हो तुमच्या मुकादमीण बाईंना, माझ्या टोपल्यांत तोंड घालते. तर म्हणायच्या, न्यायला काय, पण आमचे हे बिचारे शिंकून शिंकून मरतील."

तार्मुजी कुदळीवर टेकून उभा राहिला. त्याला आयुष्यात मांजरामुळे एकही शिंक आली नव्हती. तिने ही शिंक कधी तयार केली असेल? केली कशाला, हे त्याला लगेच दिसलं. नवरा नको म्हणतो, असं परक्या बाईला सांगायचं नव्हतं म्हणून. बाजारातून उशीर झाला की तो दारातच विचारायचा आणि ती गर्दी होती असं म्हणायची. इकडे मांजर मागे लागलं की त्याच्या शिंका, तिकडे त्याने विचारलं की गर्दी. मध्ये ही टोपल्यांमागची जागा, जिथे ती रोज थोडा वेळ असायची आणि जिच्याबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला राग यायला हवा होता का, हे त्याने चाचपून पाहिलं. राग नव्हता. आपल्याच घरात मागच्या बाजूला एक दार आहे आणि ते इतक्या वर्षांनी दिसावं, तसं काहीतरी वाटत होतं. त्या दारातून आत वाकून पाहावंसं वाटत होतं.

"येत का नाहीत त्या?" बू रुमिनी म्हणाली. "मला वाटलं, लेकीकडे गेल्या."

"येत्या शुक्रवारी तिचा शंभरावा आहे."

ती खाली टोपलीवर बसली. तिने अल्लाचं नाव घेतलं आणि ओढणीने तोंड पुसलं. रस्त्यावर कस्तुबीची शिट्टी वाजत होती.

"आणि ही रोज बसायची," ती शेवटी म्हणाली. "रस्त्याकडे तोंड करून. मी म्हणायची, मुकादम, पगार वाटायला आज कोणी येत नाही, जा आता. जायची नाही."

"बू रुमिनी," तार्मुजी म्हणाला, "ती समोरून आली. मी वळवलं तर ती पण वळली. शेपटी अशी वर होती. असं मांजर कधी येत नाही गाडीवर."

"गाडीवर नव्हतीच येत ती. दिवसभर इथून एवढ्या गाड्या जातात, टेम्पो कानाशी हॉर्न वाजवतात, ही डोळा उघडत नाही. पण तुमच्या त्या गाडीची खडखड वरच्या पुलावर आली की हिचे कान उभे. आणि निघायची. मुन्तामाबाई थांबेपर्यंत चाकापुढे चालायची, पालखी घेऊन आल्यासारखी."

खडखड सायलेन्सरची होती. त्याची पट्टी तुटली होती आणि मुन्तामाने ती तारेने बांधली होती. ड्रायव्हरच्या घरची गाडी असली वाजते याची तार्मुजीला लाज वाटायची. तो दर महिन्याला म्हणायचा, दे, नीट करून आणतो. "राहू दे हो," ती म्हणायची, "ओळखू येते." कुणाला ओळखू येते, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला वाटलं होतं, आपल्यालाच.

"मग तिच्या चाकाखाली कशी नाही आली कधी?" त्याने विचारलं. प्रश्न ड्रायव्हरचा होता, पण आवाज तसा निघाला नाही.

"त्या इंजिन बंद करून यायच्या. पुलाच्या माथ्यावरच बंद. मग गाडी अशी हळू, मुकाट्याने खाली यायची." तिने हाताने दाखवलं. "तुम्ही चालू ठेवलीत. तुम्हाला काय ठाऊक."

तिने हे शेवटचं दोष देऊन म्हटलं नाही, समजूत घालायलाही नाही. नुसतं म्हटलं. तार्मुजीने खड्ड्यात पाहिलं. तो पुरेसा खोल झाला होता आणि तळाशी पाणी झिरपत होतं. बनियनमधून डोकं आणि पाय बाहेर असलेलं मांजर त्या पाण्यात ठेवायचं होतं. त्या मांजरीने तीन महिने एका आवाजाची वाट पाहिली होती. आज तो पुलावर ऐकू आला तेव्हा तिला काय वाटलं असेल? मांजराला काय वाटतं, हे कुणाला कळतं? पण त्याला एवढं कळत होतं की गेले तीन महिने तोही दाराशी उभा राहून तेच करत होता, आणि जर कधी पहाटे त्या जाकिटाने नुसती हालचाल केली असती तर समोर काय आहे हे न बघता तोही असाच धावला असता.

त्याने जाकिटाची चेन उघडली.

"अहो, बनियन दिलंय ना तुम्ही?" बू रुमिनी म्हणाली. "तेवढं पुरे असतं. दोन-दोन द्यायची काही रीत नाही."

"मावत नाही त्यात."

काढताना त्याने सवयीने खिसे चाचपले. तीन महिन्यांत त्याने या खिशात हात घातला नव्हता. तिच्या खिशात हात घालायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. डाव्या खिशात काही नव्हतं. उजव्या खिशात रबर लावलेली एक प्लास्टिकची पुडी होती. त्याने रबर काढलं आणि आधी वास आला, मग दिसलं. सुक्या मासळीची मुंडकी, बरीचशी भुकटी झालेली. खारट, जुना, किंचित गोडसर वास. तो पुडी नाकाशी धरून उभा राहिला. दाराशी, पहाटे, कॉलरमध्ये नाक घालून त्याने ज्याचा इतका शोध घेतला ते हेच. त्याला एकदम हसू आलं. तीन महिने तो मुंडक्यांवर नमाजेनंतरचा वेळ घालवत होता. तरीही ते तिचं नव्हतं असं कुठे होतं? रोज स्वयंपाक करताना मुंडकी बाजूला काढणारे हात तिचेच होते. फक्त ती मुंडकी त्याच्या वाट्याची नव्हती.

त्याने जाकीट जमिनीवर पसरलं, त्यावर बनियनसकट मांजर ठेवलं, पुडी तिच्या तोंडाशी ठेवली. दोन्ही बाह्या वरून आणून गाठ मारली. आता कान झाकला, पाय झाकले, गाठीची शेपटीही आत गेली. जाकीट त्याला आखूड व्हायचं, तिला पुरून उरलं. माती लोटताना बू रुमिनीने पण दोन मुठी टाकल्या.

"टी-शर्ट देऊ एखादा? मुलाचा आहे," ती म्हणाली.

"नको."

"वारं लागेल."

"लागू दे."

बाजार पुढे होता, पण तार्मुजीने गाडी मागे वळवली. सकाळचं ऊन आलं होतं तरी समुद्रावरचा वारा गारच होता. तो उघड्या छातीला लागला आणि पाठीवरून फिरला. लोकांनी पाहिलं आणि वाट दिली. पुलाच्या माथ्यावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली.

"मांजर का?"

"हो."

"कुणाचं होतं?"

"आमचं," तार्मुजी म्हणाला.

तिथे त्याने गाडी वळवून खालच्या दिशेने तोंड केलं. इंजिन चालू होतं, सायलेन्सर खडखडत होता. तो तसाच थांबून तो आवाज ऐकत राहिला. एवढ्या गाड्यांमधून हा इथून तिथपर्यंत कसा पोचत असेल? मग त्याने किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. उतारावर इंजिन बंद करायचं हे तिला त्यानेच शिकवलं होतं, ती नवी नवी गाडी चालवायला लागली तेव्हा, पेट्रोल वाचतं म्हणून. तिने ते इतकं मनावर घेतलं असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याने पाय उचलले. गाडी आधी हळू, मग जरा वेगाने, मग पुन्हा हळू खाली आली. चाक सरळ चालत होतं. चाकापुढे कुणी नव्हतं. पुलाची भिंत गेली, रिक्षा गेल्या, शिट्टी तोंडात धरून बघणारा कस्तुबी गेला. तार्मुजी ब्रेकवर बोटं ठेवून वाट बघत होता, आता कुठे दाबायचा म्हणून. दाबावा लागला नाही. मासळीच्या दुकानासमोर, टोपल्यांपाशी, उतार संपला आणि गाडी आपोआप थांबली.

त्याने पाय टेकले आणि इकडेतिकडे पाहिलं. म्हणजे मुन्तामाने ही जागा निवडली नव्हती. एके दिवशी पेट्रोल वाचवत ती इथवर आली असेल, गाडी थांबली असेल, आणि इथे कुणीतरी बसलेलं असेल.